जुन्या ट्वीटरची चिरचिर थांबली

रेडिओग्राममधला (रेडिओ-रेकॉर्ड प्लेअरचं जुनं कपाट) आठ इंची कागदी वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, आणि कोन ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, नव्या खोक्यात बसवले. आवाज वाढवला की ‘स’, ‘श’ चिरायचे. ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता, म्हणजे ८ ओमच्या ट्वीटरला कट (ज्याखालचे जाड सूर अडवले जातात ती सीमा) सुमारे २,००० हर्ट्झ. खोक्यात कापूस भरला, वायर बदलली. आठवडाभर जीव मेटाकुटीला आला.

मग ट्वीटरचा रेझोनन्स, म्हणजे तो आपसूक सर्वांत जास्त थरथरतो तो सूर, मोजला. ॲम्प्लिफायर आणि ट्वीटरमध्ये १ किलोओमचा रेझिस्टर, मोबाइलवर टोन जनरेटर, ट्वीटरच्या टोकांवर मीटर. १,६०० हर्ट्झला आकडा सर्वांत वर. कट त्याच्या दुपटीहून वर हवाच, जुना २,००० फारच जवळ होता; मी ४,००० धरला.

ट्वीटरला आधी ३.३ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, पुढे ०.४७ मिलिहेन्रीची कॉइल समांतर. वूफरला कॉइल सिरीजमध्ये, कपॅसिटर समांतर. शेवटी फक्त ट्वीटरच्या तारा उलटवल्या, आणि दोन्ही स्पीकर जुळतात तिथे आवाज दबायचा, तो मधला खड्डाही भरला.