कोकणातून परदेशी कामाला जायचं तर: आधी कागद, मग भाषा, एजंट सगळ्यात शेवटी

चिपळूण, खेड, दापोली, रत्नागिरी या पट्ट्याला परदेशी नोकरी नवीन नाही. कितीतरी मोहल्ल्यांत आणि वाड्यांत आखातात कोणी ना कोणी आहेच. तरीही पोरं निघतात ती अजून जुन्याच वाटेने. ओळखीतला एखादा 'माणूस' गाठायचा, त्याच्याकडे पैसे आणि पासपोर्ट द्यायचा आणि व्हिसाची वाट बघत बसायचं. या वाटेवर कलमांची बाग गहाण पडते आणि कधीकधी पोरगा मुंबईपर्यंतच पोहोचतो. सगळा क्रमच उलटा लावायला हवा.

पहिलं ठरवा: कमवून परत यायचंय की तिथे राहायचंय?

घरात बसून हा विषय मोकळेपणी बोला, कारण देश यावरच ठरतो. आखातात पगार लवकर सुरू होतो, पण तिथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की मुक्कामही संपत येतो, मग तुम्ही तिथे वीस वर्षं का काढली असेनात. दुबईचे दीर्घ मुदतीचे व्हिसा आहेत, पण ते मोठ्या पगाराच्या लोकांसाठी.

जपानमध्ये एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसा आहे आणि भारताशी त्यांचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. दुसऱ्या प्रकारात गेलात तर बायको-मुलं नेता येतात आणि पुढे कायम राहण्याची वाटही उघडते, पण त्यासाठी तिथे राहून वरची परीक्षा द्यावी लागते.

जर्मनी सुरुवातीला सगळ्यात जास्त मेहनत मागतो आणि नंतर सगळ्यात जास्त देतो. कुशल कामगार म्हणून तीन वर्षं काम केलं, तेवढा काळ पेन्शनचे हप्ते भरले आणि बी-वन पातळीची (ए-वनपासून चढत जाणाऱ्या पातळ्यांपैकी तिसरी) भाषा आली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. वस्ती करायची असेल तर आयटीआय झालेल्या पोरांनी आणि नर्सिंग केलेल्या मुलींनी आधी जर्मनीचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅनडाचं सगळं गणित गुणांवर चालतं. वय, शिक्षण आणि इंग्रजीची परीक्षा यांवर बरंच ठरतं, म्हणून तिशीच्या आत आणि इंग्रजी पक्कं असेल तरच त्यात वेळ घाला.

हुन्नर हातात आहे, कागदावर आहे का?

आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत सात-आठ वर्षं काम केलेला वेल्डर भेटतो. हात इतका साफ की बघत राहावं. पण कागद मागितला तर ठेकेदाराची सही असलेली एक चिठ्ठी निघते, 'सदर इसम आमच्याकडे कामास होता' एवढीच. परदेशात या चिठ्ठीला किंमत नाही.

अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा आणि नेमकं काम त्यात यायला हवं. नुसतं 'वेल्डर' लिहून भागत नाही. कोणत्या धातूचे पाइप, वेल्डिंग टिग पद्धतीचं की आर्क, पाइप कोणत्या पोझिशनमध्ये हे सगळं लिहून घ्या. ठेकेदार पत्र देत नसेल तर पीएफचं पासबुक काढा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, टाकला की कुठल्या आस्थापनेने किती महिने पैसे भरले ते दिसतं. पगार बँकेत येत असेल तर बँकेचं स्टेटमेंटही जोडा. म्हणूनच आजपासून पगार रोखीने घेऊ नका.

आखातासाठी मुंबईत ट्रेड टेस्ट, म्हणजे हातकामाची परीक्षा होते. पाइप वेल्डरला सहसा ६-जी पोझिशनमध्ये जोड करायला सांगतात. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. आतला रूट पास, म्हणजे पहिला थर, नीट उतरला नाही तर एक्स-रेमध्ये लगेच दिसतं, वरून कितीही सुंदर कॅप (शेवटचा थर) मारली तरी. याचा सराव गावाकडच्या वर्कशॉपमध्येच करून जा.

जर्मनीसाठी वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. जर्मनी बहुतेक मार्गांत किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण मागतो. त्यामुळे दहावीनंतर आयटीआयला कुठे नाव घालायचं याचा निर्णय परदेशाचा विचार करूनच घ्या. तुमच्या प्रमाणपत्राची तिथल्या शिक्षणाशी तुलना बऱ्याच औद्योगिक ट्रेडसाठी आयएचके फोसा ही संस्था करते. पूर्ण मान्यता मिळाली नाही, अर्धवट मिळाली, तरी घाबरू नका. मार्च २०२४ पासून तिथे काम करता करता उरलेली मान्यता पूर्ण करण्याची सोय आहे. त्यासाठी नोकरी देणारा मालक आणि ए-टू पातळीची जर्मन लागते.

जर्मनीने जून २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'संधी कार्डा'ची जाहिरात आता सगळीकडे दिसते. शिक्षण, भाषा, वय अशांचे सहा गुण भरले तर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, हे खरं. पण त्या वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात, आणि ती रक्कम दहा लाखांच्या वर जाते. साध्या घरातल्या पोराने यात पडू नये. इथे बसून मालक शोधावा.

नाव सगळीकडे एकच

शाळेच्या दाखल्यावर आडनाव डबल्यूने, आधारवर व्हीने, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गायब, असे कागद आपल्याकडे घरोघरी आहेत. पासपोर्ट काढण्याआधी हे दुरुस्त करा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. दहावी पास असाल तर पासपोर्ट काढताना ते प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. नाहीतर 'ईसीआर' (उत्प्रवास तपासणी आवश्यक) पासपोर्ट येतो आणि आखातासह अठरा देशांत कामाला जाताना उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. त्या परवानगीत संरक्षण आहे, म्हणून ईसीआर असेल तर ती चुकवून जाऊ नका.

भाषा

जर्मनसाठी मुंबई आणि पुण्यातलं मॅक्सम्युलर भवन ही जर्मन भाषा-संस्था परीक्षा घेते, शिकणं ऑनलाइनही होतं. नर्सना परवान्यासाठी बी-टू लागते. जपानसाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी किंवा जेएफटी बेसिक ही दुसरी परीक्षा. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. घरातला एक माणूस दीड-दोन वर्षं रोज दोन तास भाषेला बसला तर एजंटला द्यायच्या लाखांपेक्षा ते जास्त कामी येतं.

आता एजंट

भारतातून कामगार पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाका आणि मुदत संपली आहे का तेही बघा. एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. पावती घ्या, पैसे बँकेतूनच द्या. 'मी त्यांचाच माणूस' म्हणणारा गावातला सब-एजंट कायद्यात बसत नाही, तो तुमच्या आत्याचा मुलगा असला तरी.

तीन गोष्टी ऐकल्या की उठून घरी या. 'आधी व्हिजिटवर जा, तिथे कामाचा व्हिसा होईल.' 'आझाद व्हिसा आहे, कुठेही काम कर.' आणि 'थायलंडला डेटा एंट्री, पगार लाखभर.' शेवटच्या आमिषाने पोरांना म्यानमार, कंबोडिया आणि लाओसच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडल्याचे प्रकार घडले आहेत आणि भारत सरकारने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत.

ऑफर लेटर आलं की एकूण आकडा बघून खूश होऊ नका, बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती ते बघा. यूएईमध्ये नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांचा पगार. दोन हजार दिरहममध्ये बेसिक आठशेच असेल तर ग्रॅच्युइटीही आठशेवरच मोजली जाते आणि तो फरक तुमच्याच खिशातून जातो. राहणं, जेवण, तिकीट, ओव्हरटाइम यातलं काय कोण देणार ते लेखी हवं. प्रवासी भारतीय विमा योजना काढा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे आणि अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण मिळतं. पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा नाही, यूएईत तो काढून घेणं बेकायदा आहे. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचं तक्रारीसाठीचं 'मदद' पोर्टल आणि तिथला भारतीय दूतावास आहे.

निघण्याआधी सातबारा

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्या जमिनी सामाईक, आजोबांच्या नावावरच राहिलेल्या. परदेशात स्थायिक झालात की अनिवासी भारतीय म्हणून शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. पुढे तिथलं नागरिकत्व घेतलंत तर भारताचं सोडावं लागतं, आणि परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरही शेतजमीन खरेदी होत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणून वडील हयात असोत वा नसोत, वारस नोंद, वाटणी जे काही राहिलंय ते तलाठ्याकडे जाऊन निघण्याआधी मार्गी लावा. मागे राहणाऱ्या भावाला किंवा बायकोला नेमक्या कामांपुरतं मुखत्यारपत्र करून द्या, सरसकट सगळे अधिकार नको. आणि सगळ्या कागदांच्या रंगीत प्रतींचा एक संच घरी आईजवळ ठेवून जा.