आधी पासवाले पाठ करा: कोल्हापुरात पाहुणे पक्षी ओळखायचे तर

एसटीत २९ वर्षं तिकिटं फाडली. गगनबावड्याच्या गाडीत सकाळी पन्नास माणसं चढली तरी पासवाल्यांची तोंडं मला बघावी लागत नव्हती. अनोळखी माणूस मात्र दारातनं आत आला की कळायचा. निवृत्त झाल्यावर पक्ष्यांच्या नादाला लागलो, तिथंही हेच कामाला आलं.

तलावावरचे बारमाही पासवाले आधी बघा. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी. हळदीकुंकू बदक: चोच काळी, टोकाला हळद, मुळाशी कुंकू. बघता बघता बुडी मारणारी टिबुकली. पाणवनस्पतीवरनं लांब तंगड्या टाकत जाणारी जांभळी पाणकोंबडी. ऑगस्ट-सप्टेंबर एवढ्यांवरच घालवा. कंटाळा येईल, येऊ द्या.

जागा एकच धरा. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची वर्दळ फार, म्हणून मी कळंबा तलावावर जातो. साडेसहाला पोचायचं आणि सूर्य पाठीशी राहील असं उभं राहायचं. ऊन तोंडावर आलं की प्रत्येक बदक काळंच दिसतं. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, पुरते. दहा पटीची घेतली तर हात थरथरला की पक्षीही थरथरतो, माझ्या वयात तर जास्तच.

थंडीला येणाऱ्या पाहुण्यांत लवकर येणारा म्हणजे धोबी पक्षी. इथं नवा माणूस हमखास फसतो, कारण पंचगंगेच्या घाटावर शेपटी हलवत फिरणारा एक धोबी आपल्याच गावचा आहे. त्याचं डोकं आणि गळा काळा, फक्त भुवई पांढरी. तोंडच पांढरं आणि पाठ राखाडी असेल तर तो पाहुणा पांढरा धोबी. पाठ राखाडी, पोट पिवळं, शेपूट लांबलचक आणि वाहत्या पाण्याकाठी असेल तर करडा धोबी, तोही पाहुणाच. भिंगऱ्यांचंही तसंच. डोक्यावर विटकरी टोपी आणि गळ्यापासून खाली सगळं पांढरंशुभ्र, ती इथली तारवाली. गळाच विटकरी आणि त्याखाली गडद पट्टा, ती थंडीला आलेली माळभिंगरी.

बदकांत थापट्या ओळखायला सोपा, चोच फावड्यासारखी रुंद. तरी मी फसलो. ऑक्टोबरात लांबवर एक तपकिरी बदक चोच पाठीत खुपसून झोपलं होतं. मी चार जणांना फोन करून ‘नवीन बदक आलंय’ म्हणून बोलावलं. गडी जागा झाला, चोच काढली आणि माझी अब्रू गेली. नर थापट्या नुकताच आलेला असतो तेव्हा मादीसारखाच मातकट असतो. हिरवं डोकं आणि पांढरी छाती पुढं थंडीत चढते. म्हणून दुर्मिळ काही दिसलं की आधी थांबा. चोच, पाय, भुवई, उडताना पंखावरचा पट्टा जागेवरच वहीत लिहा, पुस्तक त्यानंतर उघडा. आधी पुस्तक उघडलं की चित्रात आहे तेच पक्ष्यावर दिसायला लागतं.

मोजणी थव्यात अवघड. दहा पक्षी नजरेनं उचलायचे, तेवढ्याच आकाराचे घास पुढं मोजत जायचे. भोरड्यांच्या थव्याला हे फार उपयोगी. मध्य आशियातनं आलेल्या या गुलाबी मैना शाळवाच्या कणसांवर उतरतात, आणि पांगारा, सावर फुलली की झाडंच्या झाडं कलकलाटानं भरतात. फुललेली सावर दिसली की खाली अर्धा तास बसाच.

राधानगरी-दाजीपूरला जावं, १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, पण शिकायला नको. तिथं आवाज ऐकू येतो, दिसतात पानं, आणि मान धरते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणाऱ्यांच्या सोबत तर कुठंच जाऊ नका.

वहीत पाहुणा पहिल्यांदा दिसल्याची तारीख सगळेच लिहितात. जाण्याची तारीख सापडत नाही, कारण निरोप घेऊन कोणी जात नाही. म्हणून मार्चपासून मी पाहुण्या धोब्याच्या नावापुढं रोज ‘आज होता’ एवढंच लिहितो. शेवटचा ‘होता’ कुठला, ते आठवड्यानं मागं बघितलं की कळतं.