तारे घडवणाऱ्या दीर्घिकांचे क्ष-किरण: या चुका टाळा

जास्त ऊर्जेचे क्ष-किरण दिसले रे दिसले की ‘मध्यभागी मोठं कृष्णविवर गिळतंय’ म्हणून मोकळं व्हायचं, ही नवशिक्यांची जुनी खोड. झपाट्याने तारे घडवणाऱ्या दीर्घिकेत २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे बहुतेक क्ष-किरण मोजक्या जोडताऱ्यांकडून येतात: न्यूट्रॉन तारा किंवा छोटं कृष्णविवर शेजारच्या वजनदार ताऱ्याचा वायू ओढत असतं. मी आधी त्यांचा हिशेब लावतो. उरलंच काही, तर केंद्राकडे बघतो.

दुसरी चूक माझीच. नासाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला दिसलेल्या एका तेजस्वी ठिपक्याचा वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले तो आलेख) इतका चढा, म्हणजे जास्त ऊर्जेच्या फोटॉननी भरलेला, आला की तीन आठवडे मी त्यावर धुळीआडच्या कृष्णविवराचं मॉडेल बसवत होतो. जुळणीही झकास! मग एका ज्येष्ठाने विचारलं, “फ्रेम किती सेकंदांची?” म्हणजे डिटेक्टर एका वेळी किती सेकंद फोटॉन साठवून मग वाचतो? ३.२. तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन पडले तर डिटेक्टर त्यांची बेरीज करून एकच जोरकस फोटॉन नोंदवतो. यालाच पाइलअप म्हणतात. ठिपक्याचा गाभा वगळून फक्त कडेचे फोटॉन घेतले, तर वर्णपट अगदी साधा निघाला. तेव्हापासून प्रत्येक फ्रेममागे किती फोटॉन आले हे पाहिल्याशिवाय मी मॉडेलला हात लावत नाही. पाइलअप दुरुस्त करणारी तयार मॉडेलं आहेत, पण मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

एम ८२ या तारे घडवणाऱ्या दीर्घिकेतले एक्स-१ आणि एक्स-२ हे क्ष-किरण स्रोत आकाशात एकमेकांपासून जेमतेम ५ आर्कसेकंदांवर आहेत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चंद्राला ते सुटे दिसतात; न्यूस्टार या जास्त ऊर्जेचे क्ष-किरण पाहणाऱ्या दुर्बिणीला एकच डाग. तरी २०१४ मध्ये न्यूस्टारनेच दर १.३७ सेकंदांनी पडणारे क्ष-किरणांचे नियमित ठोके, म्हणजे फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याची खूण, पकडले आणि एक्स-२ न्यूट्रॉन तारा ठरला. चित्रात जे सुटत नाही ते कधी कधी वेळेत सुटतं. पण फोटॉनच्या वेळा तपासायचा कंटाळा सगळ्यांनाच.

दीर्घिकेतल्या तप्त वायूचा वाटा २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर फार धरू नका. शेजारचा तारा हलका असलेल्या जोडताऱ्यांचे क्ष-किरण तारानिर्मितीच्या दराशी नव्हे, दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाशी जोडा. मागच्या, दूरच्या दीर्घिकांचे ठिपके वजा करा.

आणि वेगवेगळ्या वर्षांची निरीक्षणं एकत्र शिवू नका. एनजीसी २५३ या तारे घडवणाऱ्या दीर्घिकेच्या केंद्रापाशी २००३ मध्ये जो स्रोत लपलेलं कृष्णविवर वाटला होता, तो २०१२ मध्ये चंद्रा आणि न्यूस्टारने एकाच वेळी पाहिलं तेव्हा मंदावला होता. चमकत होता तो शेजारचा दुसराच.