मायक्रोट्यूब्यूलचा कायमोग्राफ कसा वाचायचा

मायक्रोट्यूब्यूल म्हणजे पेशीतल्या, ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बारीक नळ्या. त्यांचा व्हिडिओ हातात आला की नवी मुलं आधी सगळ्या नळ्यांची सरासरी लांबी काढायला बसतात. मी ते करू देत नाही. एकाच नमुन्यात, एकाच क्षणी काही नळ्या सावकाश वाढत असतात आणि शेजारच्या भराभर विरत असतात, हे मिचिसन आणि कर्शनर या जीवशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलं. सरासरी काढली की नेमकं तेच पुसलं जातं. म्हणून एकेक नळी धरायची आणि तिचा कायमोग्राफ काढायचा, म्हणजे एका रेघेवर वेळेनुसार काय बदललं ते दाखवणारं एकच चित्र.

फिजी या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ उघडा आणि सगळ्या फ्रेम्सचं मॅक्सिमम प्रोजेक्शन (प्रत्येक पिक्सेलची सगळ्यात उजळ किंमत घेऊन केलेलं एक चित्र) काढा. नळी जास्तीत जास्त कुठवर पोचली ते त्यात दिसतं. तिथपर्यंत, किंबहुना थोडी पुढेच, सेगमेंटेड लाइन ओढा. जाडी 3 किंवा 5 पिक्सेल ठेवा, कारण नळी डुलते. मग तीच रेघ मूळ व्हिडिओवर ठेवून मल्टी कायमोग्राफ चालवा.

आलेल्या चित्रात आडवी बाजू म्हणजे जागा, उभी म्हणजे वरून खाली सरकणारा वेळ. पहिली नजर बीजाकडे, म्हणजे ज्या छोट्या पक्क्या तुकड्यापासून नळी वाढते त्याकडे. जीएमपीसीपीपी (नळी टिकवून ठेवणारा रेणू) घालून केलेलं बीज विरत नाही, त्यामुळे त्याची कड सरळ उभी दिसायला हवी. ती कललेली असेल तर नमुना सरकलाय. आधी हे सरकणं (ड्रिफ्ट) काढून टाका, मगच पुढे.

आता टोकाची रेघ. वाढ तिरकी उतरते, घट जवळजवळ आडवी पडते. ज्या कोपऱ्यात रेघ मागे वळते ती कॅटॅस्ट्रॉफी, म्हणजे वाढ थांबून अचानक घट सुरू होणं. नळीत बसल्यावर बीटा-ट्युब्युलिनवरच्या जीटीपी या रेणूचं एक फॉस्फेट तुटून जीडीपी होतं. टोकाशी अजून जीटीपी असलेल्या ट्युब्युलिनची टोपी असते तोवर नळी टिकते, ती गेली की नळी सुटत जाते. तो एक कोपरा पाहताना मला अजूनही थबकायला होतं.

वेग काढणं सोपं आहे. समजा रेघ आडवी 30 पिक्सेल गेली, पिक्सेल 0.1 मायक्रोमीटरचा आहे, म्हणजे 3 मायक्रोमीटर. उभ्या 45 फ्रेम्स, दर 2 सेकंदांनी एक, म्हणजे दीड मिनिट. वेग मिनिटाला 2 मायक्रोमीटर. 13 प्रोटोफिलामेंट (नळीच्या भिंतीतल्या उभ्या माळा) आणि 8 नॅनोमीटरचा डायमर (ट्युब्युलिनची जोडी) धरला तर एका मायक्रोमीटरमध्ये 1625 डायमर बसतात, म्हणजे या टोकाला सेकंदाला पन्नासहून जास्त डायमरची भर पडत होती. तीच नळी मिनिटाला 20 मायक्रोमीटरने विरली तर 3 मायक्रोमीटर 9 सेकंदांत संपतात. दर 5 सेकंदांनी फ्रेम घेतली असती तर घटीचा उतार मोजायला एखाद-दुसराच बिंदू उरला असता. चित्रीकरणाआधी हा हिशोब करा, नंतर त्याला इलाज नाही.

खरी गल्लत होते ती कॅटॅस्ट्रॉफीचा दर काढताना. घटनांची संख्या नळ्यांच्या संख्येने भागायची नाही, व्हिडिओच्या लांबीनेही नाही. फक्त वाढीत गेलेल्या एकूण वेळेने भागायची. सगळ्या नळ्या मिळून 50 मिनिटं वाढल्या आणि 10 वेळा कोसळल्या, तर दर मिनिटाला 0.2. व्हिडिओ संपताना जी नळी वाढतच होती तिचा वेळ धरा, घटना धरू नका. असा वेळ वगळला तर दर फुगतो. रेस्क्यू म्हणजे घटती नळी मध्येच पुन्हा वाढू लागणं; त्याचा दर घटीच्या वेळेवर काढा. नळी बीजापर्यंत विरून पुन्हा वाढली तर तो रेस्क्यू नव्हे.

जिवंत पेशीत ईबी3-जीएफपीचे (चमकणारं जीएफपी जोडलेल्या ईबी3 प्रथिनाचे) कॉमेट, म्हणजे टोकावरचे धूमकेतूसारखे ठिपके, घेऊन काम असेल तर सावध राहा. ईबी3 फक्त वाढत्या टोकावर गोळा होतं, त्यामुळे त्या कायमोग्राफवर घटीची रेघ नसतेच. कॉमेट दिसेनासा झाला म्हणून लगेच कॅटॅस्ट्रॉफी लिहू नका. नळी नुसती थांबली असेल किंवा फोकसबाहेर गेली असेल. घट मोजायचीच असेल तर ट्युब्युलिनला रंग लावलेला दुसरा चॅनल घ्या.