ओसीटीच्या मशीनवर बसण्याआधी

ऑप्टोमेट्रीचा चार वर्षांचा कोर्स केला, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग जळगावात ओसीटी मशीनवर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर प्रकाशाने टिपणाऱ्या मशीनवर, बसायला लागलो. नव्याने येणाऱ्यांना मी आधी आबांची गोष्ट सांगतो.

आबा यावल तालुक्यातले केळीवाले शेतकरी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पण मध्यमच. नजर मात्र ६/६०, म्हणजे फारच कमी. "मधमा कायं दखास," म्हणजे मध्ये काळं दिसतं, असं ते दोनदा म्हणाले. मी हनुवटी टेकवायला लावली, हिरव्या खुणेकडे बघायला सांगितलं आणि पडद्याच्या मध्यावरून पाच रेघांचा स्कॅन काढला. सिग्नल, म्हणजे चित्राचा दर्जा, दहापैकी सात. कडेला दोन-तीन काळे बुडबुडे दिसत होते, ते मी सोडून दिले आणि रिपोर्ट पाठवला.

अर्ध्या तासात सर्जनांनी बोलावलं. "एवढ्याशा मोतीबिंदूत नजर इतकी कशी जाईल? पूर्ण मॅक्युला घे, एकेक रेघ स्वतः बघ." मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग.

घेतला, आणि दिसलं. पडद्याच्या बरोबर मध्यावर आरपार भोक! त्यामुळे आबांना हिरवी खूण दिसतच नव्हती. ती शोधायला त्यांनी डोळा थोडा बाजूला वळवला होता आणि माझ्या पाचही रेघा भोकाच्या शेजारून गेल्या होत्या.

भोकाची सर्वांत अरुंद रुंदी मोजली, ३८० मायक्रॉन. २५० पर्यंत लहान, ४०० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठं, असं धरतात. या एका आकड्यावर बरंच ठरतं: भोक बुजण्याची शक्यता किती आणि पडद्यावरचा पातळ पापुद्रा नुसता सोलायचा की त्याची घडी भोकावर पालथी घालायची. नुसता मोतीबिंदू काढून लेन्स बसवली असती, तरी आबांना मधलं काळं तसंच दिसत राहिलं असतं, आणि ऑपरेशन बिघडलं असं घरच्यांना वाटलं असतं.

म्हणून सांगतो, तक्रार, नजर आणि स्कॅन यांचा मेळ बसत नसेल तर पेशंटला खुर्चीवरून उठू देऊ नका. पडद्याची जाडी दाखवणाऱ्या रंगीत नकाशावर विसंबू नका. थरांच्या कडा मशीन आपोआप आखतं, आणि पडदा सुजलेला किंवा ओढला गेलेला असला की तिथेच चुकतं. मधुमेह्यांच्या पडद्याची सूज तर आधी कळायलाच हवी. बरेचदा आधी इंजेक्शनं देऊन मगच मोतीबिंदू काढतात. पांढराफटक पिकलेला मोतीबिंदू असेल तर ओसीटीचा प्रकाश आत पोचतच नाही, तिथे बी-स्कॅन सोनोग्राफीच करावी लागते.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हातून पेशंट येतो, डोळे कोरडे पडलेले असतात आणि चित्र धुरकट येतं. अशा वेळी कृत्रिम अश्रूंचा थेंब टाका, दोन मिनिटं बसू द्या, उघडझाप करायला सांगा. सिग्नल सहाच्या खाली असेल तर पुन्हा काढा.

आबांचा मोतीबिंदू आणि भोक, दोन्ही एकाच बैठकीत करायचं ठरलं. भोक बुजायला डोळ्यात गॅस भरल्यावर काही दिवस पालथं राहावं लागणार, म्हणून त्यांना ऑपरेशन केळीच्या कटाईनंतर हवं होतं. सर्जनांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, भोकावर बोट ठेवलं आणि थांबलो तर हे वाढत जाईल म्हणून सांगितलं. आबांनी खिशातून मोबाईल काढला आणि यंदाची कटाई तुझ्याकडे, असं तिथूनच मुलाला कळवलं.