मेक्सिको सिटीत कमी पैशांत चांगलं जेवायचंय? या चुका टाळा

शिकायला किंवा कंपनीच्या कामावर मेक्सिको सिटीत आलेल्या आपल्या मुलामुलींचा पहिला महिना बहुतेक सारखाच जातो. सकाळी ब्रेड, दुपारी पाकिटातलं काहीतरी आणि रात्री भूक अनावर झाली की ॲपवरून जेवण. पैसे भराभर संपतात आणि अंगी काही लागत नाही. याचं वाईट वाटतं, कारण स्वस्त आणि सकस जेवणाच्या बाबतीत हे शहर खरोखर उदार आहे. फक्त त्याच्या वेळा आणि त्याचा बाजार समजून घ्यावा लागतो.

मुख्य जेवण रात्रीवर ढकलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इथलं मोठं जेवण, कोमिदा, दुपारी दोन ते चारच्या सुमाराला होतं. त्या वेळी गल्लोगल्लीच्या फोंदांमध्ये, म्हणजे घरगुती खाणावळींमध्ये, कोमिदा कोरिदा मिळतं. आधी पातळ सूप, मग भात किंवा पास्ता, मग रश्शातला मुख्य पदार्थ. सोबत गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, आणि चिंचेचं, कलिंगडाचं किंवा हामायकाचं सरबत. हामायका म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं. साध्या वस्तीत एवढं सगळं 100 पेसोंच्या आसपास होतं. रोमा, कोन्देसा अशा भागांत जास्त मोजावे लागतात, पण तिथेही मेर्कादो मेदेयीनसारख्या बाजाराच्या आत बसून जेवलात तर रस्त्यावरच्या कॅफेपेक्षा बिल कमी येतं.

दारावरच्या फळ्यावर त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात. दीड-दोनला गेलात तर निवडीला वाव असतो. चार वाजून गेल्यावर उरलंसुरलं मिळतं. जिथे आसपासच्या दुकानांतले कामगार आणि कारकून रोज येतात, ती फोंदा धरा. चार दिवस सलग गेलात की मावशी तुम्हाला ओळखू लागतात आणि तुमच्यासाठी काय चालेल हे स्वतःच सांगतात. दुपारी असं जेवल्यावर रात्री फळं, अंडं किंवा वाटीभर उसळ पुरते.

नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणून निर्धास्त होणं

शाकाहारी मंडळींची हमखास फसगत इथे होते. ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांसाशिवाय’, पण बोलण्यात कार्ने म्हणजे मुख्यतः गाईचं किंवा डुकराचं मांस, त्यामुळे ताटात कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, आणि वाढणाऱ्या बाईंच्या मनात कसलीही लबाडी नसते. ‘सिन पोयो, सिन हामोन’ हेही सांगा. भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि परतलेल्या घेवड्याच्या (राजम्यासारख्या) दाण्यांत मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. ‘येवा मांतेका?’ एवढा प्रश्न पाठ करून ठेवा. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या आठवड्यांत, विशेषतः शुक्रवारी, बटाट्याच्या टिक्क्या आणि चीज भरलेल्या मिरच्या बऱ्याच ठिकाणी मिळतात.

रस्त्यावर खायचं तर त्लाकोयो शोधा. निळ्या मक्याच्या लांबट पोळीत घेवडा किंवा आबा नावाच्या शेंगांचे दाणे भरून तव्यावर भाजतात, वर निवडुंगाचे तुकडे आणि चीज घालतात. स्वस्त, पोटभरीचं आणि सहसा तेलाशिवाय. केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, मागताना मात्र ‘कोन केसो’ म्हणा. या शहरात ती चीजशिवायही देतात.

घेवडा शिजत नाही म्हणून डबाबंद आणणं

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे, त्यामुळे पाणी 92–93 अंशांनाच उकळतं. साध्या पातेल्यात घेवडा तासन्‌तास कडक राहतो, दोष ना घेवड्याचा ना तुमचा. रात्रभर भिजवा आणि कुकरमध्ये शिजवा. दुकानात त्याला ‘ओया एक्स्प्रेस’ म्हणतात. काळा घेवडा, मसूर आणि काबुली चणे कुठल्याही बाजारात सुटे मिळतात. शिजताना एपासोते या इथल्या सुगंधी पाल्याची एक डहाळी टाका, वास उग्र वाटतो पण चव सुरेख येते. एका कुकरात तीन दिवसांची उसळ होते. तूरडाळीच्या शोधात आयात मालाच्या दुकानांत पैसे घालवण्यापेक्षा मसुराचं वरण करा.

सगळं सुपरमार्केटमधून घेणं

प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी तिआंगीस, म्हणजे आठवडी बाजार, भरतो. तुमच्या गल्लीचा वार शेजाऱ्यांना विचारा. बाजार उठायच्या वेळेला, दुपार कलल्यावर, भाव उतरतात. पिकलेली पपई किंवा मऊ टोमॅटो तेव्हाच घ्यावेत.

परक्या वाटणाऱ्या पालेभाज्यांना बिचकू नका. वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ. किंतोनिलेस ही राजगिऱ्याच्या जातीची कोवळी पानं, लसूण-मिरचीची फोडणी देऊन परतली की माठाच्या भाजीची आठवण होतेच. भोपळ्याची फुलंही ढिगाने असतात. गुळाची भेली पिलोनसियो नावाने मिळते आणि राजगिऱ्याची वडी अलेग्रिया नावाने, बिस्किटांपेक्षा ती कधीही चांगली. मिरची, टोमॅटो, पेरू, चिकू ही तर मुळात याच खंडातून आपल्याकडे आली.

तोर्तिया पाकिटातल्या घेऊ नका. तोर्तियेरियात मशीनवरून उतरलेल्या ताज्या, साधारण 20 ते 25 पेसो किलो. घरून फडकं न्या, पाव किलो मागितली तरी देतात. तोर्तियासाठी परंपरेने मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात. त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं आणि कॅल्शियमही वाढतं. घेवड्यासोबत खाल्ली की प्रथिनांचीही चांगली सोय होते.

पाकिटबंद घ्यावंच लागलं तर काळे अष्टकोन पाहा. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असतील तर 2020 पासून ते छापावे लागतात. जितके अष्टकोन, तितकं ते पाकीट परत ठेवणं बरं.

नळाचं पाणी आणि न धुतलेली कोथिंबीर

नळाचं पाणी पिऊ नका. लहान बाटल्याही नकोत, 20 लिटरचा गार्राफोन, म्हणजे पाण्याचा मोठा जार, घ्या आणि पाणी शुद्ध करून विकणाऱ्या दुकानातून रिकामा भरून आणा, नवा घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. कच्ची पानं, कोथिंबीरसुद्धा, आधी नीट धुवून मग भाज्यांसाठीच्या जंतुनाशक थेंबांच्या पाण्यात बुडवा. थेंब किती आणि वेळ किती, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. सुपरमार्केटात ही बाटली भाज्यांच्या विभागातच ठेवलेली असते.