बायोडेटा जुना झालाय? सोलापुरातून पुण्याकडे अर्ज करताना रेझ्युमे असा बदला

पाच-सात वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेला बायोडेटा मोठ्या कंपनीला जसाच्या तसा पाठवू नका. अशा अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि एचआरवाले त्यात जाहिरातीतले शब्द शोधतात.

म्हणून पहिलं काम फाइल तपासण्याचं. संगणकावर पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच उमटलं नाही, तर ती फाइल म्हणजे बहुधा स्कॅन केलेला फोटो आहे. ओळींची सरमिसळ झाली, तर दोष दोन कॉलमचा किंवा टेबलचा. मराठी मजकुराच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं आली, तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्या पद्धतीत, आणावा लागेल. एकच कॉलम, अक्षर ११ आकाराचं, वर्डमधूनच पीडीएफ. फोन आणि ईमेल वर्डच्या हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या समासात, टाकू नका, काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत.

वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक आणि शेवटची 'वरील माहिती खरी आहे' ही ओळ काढून टाका. फोटो मागितला तरच द्या. सरकारी भरतीचा नमुना वेगळा, तिथे मागतील ते सगळं भरायचं.

खरा वेळ द्यायचा तो अनुभवाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातला सुपरवायझर सहसा एवढंच लिहितो: 'उत्पादन विभाग सांभाळला.' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी: '२४ रेपियर लूम, दोन पाळ्या, १८ कामगार, धागा तुटण्याच्या नोंदी पाळीनुसार ठेवून बंद लूमचा वेळ रोज ९० मिनिटांवरून ५५ वर आणला.' किती यंत्रं, किती माणसं, काय केलं, काय बदललं, हे सगळं एका ओळीत आलं. आकडा तोंडी विचारला तर सांगता आला पाहिजे. फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. अकाउंट्सवाल्यांनी 'टॅलीचं ज्ञान' एवढ्यावर थांबू नये. 'टॅली प्राइम, महिन्याला ३०० खरेदी-विक्री बिलं, जीएसटीआर-१ आणि ३बी, ई-वे बिल' असं लिहावं. प्रत्येक नोकरीखाली अशा चार-पाच ओळी पुरे. दहा वर्षांपेक्षा कमी अनुभव एका पानात बसतो.

आता जाहिरात शेजारी ठेवा. तिथे 'इन्व्हेंटरी' असेल आणि तुम्ही 'स्टोअर' लिहिलं असेल, तर काम तेच असल्यास त्यांचाच शब्द वापरा. जे येत नाही ते मात्र लिहू नका.

तारखा महिना-वर्षासकट द्या आणि पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) सर्व्हिस हिस्टरीशी, म्हणजे तिथल्या नोकऱ्यांच्या नोंदीशी, ताडून पाहा. अनेक कंपन्या पडताळणीत ती बघतात आणि दोन महिन्यांच्या फरकावरूनही ऑफर अडू शकते. विद्यापीठाचं नाव गुणपत्रिकेवर आहे तेच लिहा. २००४ च्या आधी सोलापूरची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, मग सोलापूर विद्यापीठ झालं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. जुन्या पदवीपुढे नवं नाव लावलं की पडताळणीत गोंधळ होतो.

पत्त्यात घर नंबर, पेठ नको. 'सोलापूर, पुण्यात रुजू होण्यास तयार' एवढं हवं. नोकरी डॉट कॉमवर पसंतीच्या शहरांत पुणे निवडायला विसरू नका, कारण एचआरवाले शहर लावून शोधतात आणि नुसतं सोलापूर टाकलेला उमेदवार त्या यादीतून सुटू शकतो. नोटीस पिरियड खरा भरा. तिथे फाइल २ एमबीच्या आत लागते. फाइलला 'रेझ्युमे फायनल नवा' असलं नाव न देता स्वतःचं नाव आणि पद द्या. कुणी व्हॉट्सॲपवर मागितला तरी पीडीएफच पाठवा, स्क्रीनशॉट नको. आणि नोंदणीसाठी किंवा मुलाखतीसाठी पैसे मागणाऱ्याला रेझ्युमे देऊच नका.